ट्रेल बाइकची पारख पावसाळ्यानंतर करा, मग लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ट्रेल बाइकवर, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलींवर, आख्खं पान बघितलं आणि सकाळचा चहा बाजूला ठेवून आधी ते वाचलं. मराठी पेपरात सायकल म्हटली की कोणीतरी कन्याकुमारीला जाऊन आला एवढीच बातमी येते, त्यामुळे पुढचा फोर्क, मागचा शॉक हे दणके झेलणारे भाग, टायर असल्या गोष्टींवर कोणी पान देतंय हेच मोठं वाटलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याच पानावर कमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाकाला वर सरकायला कमी जागा असलेल्या, बाइकबद्दल जो निकाल दिलाय तो पटला नाही, आणि नुसतं पटलं नाही म्हणून गप्प बसवत नाही कारण तो लेख वाचून आमच्या गावातला एक मुलगा तिसऱ्याच दिवशी विचारायला आला की दादा १२० ची बाइक घेऊ नको म्हणतात, १५० ची घेण्यासाठी घरच्यांकडून अजून पैसे मागू का. म्हणून हे पत्र, जरा लांब होईल, संभाळून घ्या.

लेखाचा सूर असा की मागे १२० मिमी ट्रॅव्हल म्हणजे नवशिक्यांसाठी ठीक, गोव्याच्या खडबडीत जागी १५० तरी हवं. आणि पारख कशावर केली तर दुकानात सीट हाताने दाबून किती दबते ते बघून, बाहेर पार्किंगमध्ये दोन गोल फेऱ्या मारून, आणि बाकी कंपनीच्या कागदावर जे आकडे छापलेत त्यावरून.

मी डिचोली तालुक्यातला. आमच्या घराच्या मागे काजीची बाग, तिच्या वर सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, आणि गेली अकरा वर्षं मी त्या सड्यावर सायकल चालवतोय. आधी सात वर्षं मागे शॉक नसलेली, आणि आता चार वर्षं मागे १२० पुढे १३० अशी बाइक. म्हणजे चार पावसाळे त्या एकाच बाइकवर काढलेत आणि त्यातले दोन तिने मला रडवलं आहे, तेही पुढे सांगतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी एवढंच, ट्रॅव्हल म्हणजे चाक दगडावर आदळलं की ते किती मिलिमीटर वर सरकू शकतं ते अंतर. साधारणपणे मागे ११० ते १३० आणि पुढे १२० ते १४० असलेल्या बाइकला कमी ट्रॅव्हलची ट्रेल बाइक म्हणतात. सांता क्रूझ टॉलबॉय मागे १२० पुढे १३०, ट्रान्झिशन स्पर दोन्हीकडे १२०, २०१९ ची जायंट ट्रान्स २९ मागे ११५ पुढे १३०, आणि २०१४ च्या सुमाराला कोना प्रोसेस १११ आली तिच्या तर नावातच मागचं ट्रॅव्हल आहे, १११. ह्यातली एकही बाइक नवशिक्यांसाठी म्हणून काढलेली नाही. उलट ज्यांना चढ स्वतःच्या पायाने चढायचाय आणि उतार पण मजेत उतरायचाय अशा माणसांसाठी ती जातच वेगळी आहे.

आता आकडा तोच आणि बाइक वेगळी असं कसं होतं ते बघा. रेसच्या क्रॉस कंट्री बाइकला पण आजकाल मागे १२० असतं, आणि ट्रेल बाइकला पण १२०. फरक सांगाड्याच्या कोनात आहे. पुढच्या फोर्कचा कोन, ज्याला हेड अँगल म्हणतात, तो जुन्या क्रॉस कंट्री बाइकवर ६९-७० अंश असायचा, आताच्या ट्रेल बाइकवर ६५-६६ च्या आसपास. कोन कमी म्हणजे पुढचं चाक तुमच्यापासून अजून पुढे, त्यामुळे उतारावर बाइक तुम्हाला हँडलवरून पुढे फेकायला बघत नाही. शिवाय सीटची नळी जास्त उभी, ७६ च्या आसपास, म्हणजे चढाला तुम्ही पॅडलच्या बरोब्बर वर बसता आणि पुढचं चाक उचललं जात नाही. रीच म्हणजे पॅडलच्या धुरीपासून सरळ वर रेष काढली तर तिच्यापासून हँडलची नळी किती पुढे आहे ते अंतर. माझी उंची ५ फूट ७ इंच आणि मला ४५० मिमी बरोबर बसतं, ४७५ वाली एकदा चालवून बघितली तर आमच्या बागेतल्या यू वळणावर हातच पोचेना. तुमच्या लेखात किंमत, वजन, गिअर सगळं होतं पण हेड अँगल आणि रीच हे दोन आकडे नव्हते. ट्रॅव्हल छापायचं आणि हे नाही छापायचं म्हणजे घराचं क्षेत्रफळ सांगितलं आणि खोल्या किती ते सांगितलंच नाही.

सीट दाबून बघायचं त्याबद्दल. दुकानात उभ्या असलेल्या बाइकच्या शॉकमध्ये हवा कोणाच्या वजनाला भरलेली असते? कोणाच्याच नाही. मी स्वतः जेव्हा बाइक घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या पोराने सीटवर हात टेकवून दाबली, बाइक गादीसारखी खाली गेली, म्हणाला बघा किती सॉफ्ट. मी बसलो तर शॉकचा दांडा जवळजवळ अर्धा आत. म्हणजे १२० पैकी ६० तर मी नुसता बसल्यावरच संपले, दगडासाठी उरले ६०. तसं चालवून कोणीही म्हणणार की १२० कमी पडतं. मी शॉक पंप मागितला तर दुकानात होता पण कुठे ठेवलाय ते कोणाला माहीत नव्हतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तो मुद्दा नाही, पोरं चांगली होती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

खरं करायचं ते एवढंच आहे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी ओ-रिंग असते. ज्या कपड्यात, ज्या बॅगेत, जेवढ्या पाण्यासकट चालवणार तसंच सगळं अंगावर घेऊन बाइकवर बसायचं, पॅडलवर पाय, भिंतीला कोपर टेकवायचं, दुसऱ्याला सांगून ओ-रिंग वर सरकवायची, मग बाइक न हलवता अलगद उतरायचं. माझ्या शॉकचा दांडा पूर्ण ४५ मिमी आत जातो आणि त्यावर मागचं चाक १२० मिमी वर येतं, म्हणजे दांडा १ मिमी सरकला की चाक सरासरी २.६७ मिमी. नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो त्याला सॅग म्हणतात, मी तो ३० टक्के ठेवतो, म्हणजे ओ-रिंग साडेतेरा मिमीवर थांबली पाहिजे. पुढे १३० च्या फोर्कला २० टक्के म्हणजे २६ मिमी. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. हे केल्याशिवाय कोणत्याही बाइकबद्दल कडक आहे, मऊ आहे असं म्हणण्यात अर्थ नाही, आणि मोठ्या ट्रॅव्हलच्या बाइकपेक्षा कमी ट्रॅव्हलच्या बाइकवर ह्याला जास्त महत्त्व, कारण इथे पाच मिमी चुकले तर लपवायला जागाच नाही. मोठ्या बाइकवर चुकीची हवा पण खपून जाते.

एकदा मी भाच्याला सांगितलं की मला न दाखवता शॉकची हवा बदल, कधी कमी कर कधी वाढव कधी तशीच ठेव, मी फेरी मारून येतो आणि सांगतो. चार फेऱ्या मारल्या. दोनदा मी चुकलो. त्यातली एक चूक अशी की हवा होती तशीच होती आणि मी ठामपणे सांगितलं की आता एकदम मस्त झालीय. अकरा वर्षं चालवणाऱ्याचं हे असं, तर पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून काय कळणार. तेव्हापासून मी एक नियम केलाय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जागा तीच ठेवायची.

माझी जागा म्हणजे घरामागची ४.६ किलोमीटरची फेरी. काजीच्या बागेतून चढ, मध्ये तीन ठिकाणी जांभ्याचे उघडे कंगोरे, गुडघ्याएवढे नाहीत पण चाक अडवतील एवढे. मग सडा, सपाट, भोकाभोकांचा कडक दगड आणि त्याच्यावर बारीक गोल खडे, फुटाणे सांडल्यासारखे. तिथे दगड बाइकला आदळत नाही, पण पुढचं चाक कधी सरकेल त्याचा नेम नाही. मग उतार, पावसाच्या पाण्याने कापलेली चर, तिच्या तोंडाशी जुनी पाखाडी, अकरा पायऱ्या, आणि शेवटी शेताच्या बांधावरून घरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजीची वाळलेली पानं पडली की त्या खड्यांवर चादर पसरते आणि खाली काय आहे ते दिसतच नाही.

ह्या फेरीवर एप्रिलमध्ये मी आणि माझा मित्र दोघांनी बाइक बदलून चालवल्या. त्याची मागे १५० पुढे १६०, माझी १२०-१३०. टायर दोन्हींना एकच जातीचे घातले, हवा सारखी भरली, पुढे २२ मागे २५ पीएसआय, कारण टायर वेगळे असते तर आम्ही टायरच तपासत बसलो असतो. पाखाडीवर आणि चरीत त्याची बाइक नक्की पुढे. तिथे ती दगड गिळते आणि तुम्हाला कळू पण देत नाही, हे मान्य करायलाच पाहिजे. पण सगळ्या फेरीत तो भाग किती, जेमतेम पाचशे मीटर. चढावर मात्र त्या बाइकने जीव काढला. एप्रिलचा उकाडा, काजीच्या बागेत वारा नाही, दर पॅडलला मागची बाजू थोडी खाली बसते आणि वर येते, जांभ्याच्या कंगोऱ्याशी पोचेपर्यंत पायातलं बळ गेलेलं, मग उतरून ढकलायची. सड्यावर तर तिचा काही उपयोगच नाही, तिथे गिळायला मोठे दगडच नाहीत. माझ्या बाइकवर मित्र पहिल्यांदाच तिन्ही कंगोरे न उतरता चढला आणि वर पोचून म्हणाला, ही मला का कोणी सांगितली नाही.

चढाची पारख करताना अजून एक. बऱ्याच जणांना वाटतं शॉकला लॉक, म्हणजे त्याची हालचाल बंद करायचा खटका, आहे ना, चढाला तो लावला की झालं. डांबरी रस्त्यावर लावा. आमच्या मातीत लॉक केलं की मागचं चाक खड्यांवर उड्या मारतं आणि जागच्या जागी फिरतं, पकड जाते. म्हणून बाइक चढावर उघड्या शॉकने तपासावी. तेव्हा ती किती डुलते आणि तरी चाक जमीन धरतं का, हे दोन्ही एकदम जमणारी बाइक म्हणजे तिचा सांगाडा बनवणाऱ्याने डोकं लावलंय. आणि पायऱ्यांवर दांडा शेवटपर्यंत जाऊन ठक असा आवाज येत असेल तर लगेच हवा वाढवू नका, शॉकच्या डब्यात प्लॅस्टिकचे छोटे तुकडे घालता येतात, त्याने आतली जागा कमी होते, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो आणि शेवट कडक होतो. माझ्यात एक आहे. भाचा माझ्यापेक्षा हलका पण उड्या मारतो, त्याच्यात दोन.

टायरबद्दल तुमच्या लेखात एक ओळ होती. माझ्या मते इथे पान गेलं पाहिजे होतं. जांभ्याची कडा धारदार, ती टायरचं कानशील कापते, मधला भाग नाही. बाइकबरोबर येणारे हलके टायर बाजूने कागदासारखे असतात, ते दोन महिने टिकले तर खूप. २.४ इंच रुंद, बाजूने जाड, ट्यूबलेस, एवढं केलं की १२० ची बाइक एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. करवंदीचे काटे तर विचारूच नका, ट्यूब घालून चालवत होतो तेव्हा एका आठवड्यात पाच पंक्चर काढलीत. आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ औषध, टाकलेलं असेल तर काटा ओढून काढला, चाक फिरवलं, फुस्स झालं आणि बंद. पण आपल्या उकाड्यात ते सुकतं, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो मी दर दोन महिन्यांनी चाकाला कान लावून हलवतो, आतून पाण्यासारखा आवाज आला नाही तर परत भरतो.

आता ज्याच्यासाठी मुख्य हे पत्र लिहायला बसलो ते. पावसाळा.

गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मिरगाचा पहिला पाऊस झाला की माती नुसती ओली होत नाही, जांभ्याची तांबडी माती पाण्यात कालवली की तो पॉलिशचा मसालाच तयार होतो. माझे पहिले ब्रेक पॅड, रेझिनचे, जूनमध्ये नवीन घातलेले, चवथीच्या आधी नुसता पत्रा उरला होता. नंतर मेटलचे घातले, ते थोडे आवाज करतात पण टिकतात. ब्रेकच्या तबकड्या १८० मिमीच्या घ्या, वजनाचा विचार करू नका. चोर्ल्याचा घाट डांबरीच आहे पण तिथून खाली येताना लहान तबकडी तापून ब्रेक कसा हाताला लागेनासा होतो ते मी अनुभवलंय, आणि त्यानंतर बदलली.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, बाइक अशी काही वागायला लागली की मला वाटलं शॉक गेला. लहान खड्यांवर एकदम कडक, मोठ्यावर एकदम सुटल्यासारखी. दुकानात नेली, त्यांनी शॉकची सर्व्हिस सांगितली, बाहेर पाठवावा लागेल, दीड महिना. घरी आणून मी शॉकचे दोन्ही बोल्ट काढले, शॉक बाजूला ठेवला आणि मागचं चाक हाताने वर उचलून सोडलं. ते खाली पडायला पाहिजे होतं. पडलं नाही. हवेत तसंच राहिलं, जणू कोणी धरून ठेवलंय. मग शॉक आणि मागची बाजू जोडणारी लिंक खोलली, खालचं बेअरिंग बोटाने फिरवायला गेलो तर फिरेना. सील सुईने उचकटलं, आत ग्रीस नव्हतंच, तांबडा चिखल, पेढ्यासारखा घट्ट, आणि गोळ्या तपकिरी. चारपैकी तीन बेअरिंगं अशी. म्हणजे शॉकचा काही दोष नव्हता, तो बिचारा जाम झालेल्या सांध्याला हलवायचा प्रयत्न करत होता.

वॉरंटीबद्दल विचारलं तर बेअरिंग झिजणारी वस्तू म्हणून त्यात येत नाही असं उत्तर मिळालं, आणि सुटी बेअरिंगं मागवायची तर सहा आठवडे. तेवढ्यात मला सीलवर कोरलेला नंबर दिसला, ६९०२. हा काही सायकल कंपनीचा नंबर नाही, जगभर चालणारं माप आहे, आत १५ बाहेर २८ जाडी ७ मिमी. फोंड्याला मोटरपंपाची बेअरिंगं विकतात तिथे गेलो, चार घेतली, संध्याकाळी बसवली. पुढच्या वर्षी शहाणा होऊन पिव्हटसाठी, म्हणजे असल्या सांध्यांसाठी, मिळतात ती जास्त गोळ्यांची मागवली, कारण बाइकचा सांधा चाकासारखा गरगर फिरत नाही, थोडासा पुढे-मागे हलतो आणि सगळा भार दोन-चार गोळ्यांवरच येतो, मग गोळ्या जितक्या जास्त तितकं बरं. तरी दुसऱ्या पावसाळ्यात परत एक जाम झालंच, चूक माझी, स्कूटर धुतात तिथल्या प्रेशरच्या पाण्याने बाइक धुवून आणायचो आणि ते पाणी सीलच्या आत घुसायचं. आता बादली, ब्रश, आणि दर दोन महिन्यांनी सील उघडून ताजं ग्रीस. तिसऱ्या आणि चौथ्या पावसाळ्यात काही झालं नाही.

हे ग्रीसचं सांगताना एक आठवलं. हा खेळ जिथे सुरू झाला म्हणतात त्या कॅलिफोर्नियात मरीन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली उताराची शर्यत झाली, तिचं नाव रीपॅक. जुन्या सायकलींचा मागचा ब्रेक चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आत असायचा, एका उतारात तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब परत ग्रीसने भरावा लागायचा, म्हणून ते नाव. म्हणजे पहिल्या दिवसापासून उतार आणि ग्रीस ह्या खेळात बरोबरच आहेत. आणि आपण पारख करताना उताराबद्दल लिहितो, ग्रीसबद्दल एक शब्द नाही.

म्हणून माझं म्हणणं, गोव्यात बाइक तपासायची तर हे विचारलं पाहिजे. सांध्यात बेअरिंगं किती आणि ती कुठल्या मापाची, बाहेरच्या दुकानात मिळतात का. काही कमी ट्रॅव्हलच्या बाइकवर मागच्या चाकाजवळचा सांधाच नसतो, तिथली नळी थोडी लवचिक ठेवलेली असते, ११०-१२० पर्यंत ते चालून जातं आणि दोन बेअरिंगं वाचतात, आमच्यासाठी हा मोठा फायदा. मग पॅडलच्या धुरीचं बेअरिंग आट्याचं आहे की ठोकून बसवलेलं. आट्याचं असेल तर पाना लावून घरी काढता येतं, ठोकलेलं पावसाळ्यानंतर करकरायला लागलं की डोकं उठवतं. गिअर ज्यावर टांगतात तो हँगर यूडीएच, म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या बाइकला चालणाऱ्या एकाच मापाचा, असेल तर दगडावर आपटून वाकला तरी नवीन कुठूनही मागवता येतो, नाहीतर त्या एका मॉडेलचा तुकडा शोधत फिरा. मागचा टायर आणि फ्रेम ह्यांच्यात बोट जाईल एवढी फट आहे का, नसेल तर जुलैमध्ये चाक फिरणारच नाही, चिखल भरून. फोर्कच्या खालच्या नळ्यांतलं तेल ५० तासांनी बदलायला सांगतात, ते काम इथे जवळ कोण करतो. किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना खारी हवा आहे ती वेगळीच, बार्देसमधल्या माझ्या एका ओळखीच्याचे हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्याचे, बेअरिंग बाइक घरात उभी असताना गंजले.

ह्या सगळ्यात १२० आणि १५० चा हिशेब केलात तर बहुतेक वेळा १२० ची बाइक हलकी, चढाला सोपी आणि तिचा शॉक फोर्क सांभाळायला पण सोपा. ज्याला रोज पाखाडी आणि चरीच उतरायच्यात त्याने मोठी घ्यावी, माझा काही हट्ट नाही. पण फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इथला मुलगा जो घरून सायकलने निघणार, चढ स्वतः चढणार आणि दोन तासांत परत येऊन कॉलेजला जाणार, त्याला मोठी बाइक गळ्यात मारू नका. वाचलेल्या पैशात चांगले टायर, मोठ्या तबकड्या, शॉक पंप आणि वर्षाची बेअरिंगं येतात. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, घेणाऱ्याने बिल बघून घ्यावं.

लेखाबरोबरच्या फोटोबद्दल पण बोलायचं होतं. एक बाइक ओहोळातून पाणी उडवत चाललीय, मागे दाट रान. जागा कुठली ते लिहिलेलं नाही. म्हादई असो, नेत्रावळी असो की मोलेचं, ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय सायकल घेऊन घुसता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. फोटो बघून पोरं तिथेच जाणार. आणि सड्यावर पण पावसात सगळीकडे चाक घालू नये. तिथे दगडावर बोटभर माती असते, ऑगस्टमध्ये तिच्यात फुलं येतात, कीटक खाणाऱ्या इवल्या वनस्पती असतात, दवबिंदू आणि सीतेची आसवं आमच्या सड्यावर ढीगभर. एक टायर त्यातून गेला की तो पट्टा पुढच्या वर्षापर्यंत दिसतो. आम्ही गुरांची जुनी वाट सोडून जात नाही, आणि मुसळधार पडत असेल त्या दिवशी जातच नाही, शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलाच टायर धरत नाही.

तर विनंती एवढी की हीच बाइक, तुमच्या लेखात होती तीच, परत एकदा तपासा. चालवणाऱ्याचं वजन उंची लिहा, सॅग किती ठेवला ते लिहा, टायर आणि हवा लिहा, कुठल्या जागी किती फेऱ्या ते लिहा. आणि दुकानदारांनाही सांगा की दिवसभरासाठी एक बाइक मातीवर चालवायला द्या, डिपॉझिट घ्या, भाडं घ्या, पण द्या. लाखांच्या घरातली वस्तू पार्किंगमध्ये फिरवून घ्यायची हे बरोबर नाही. जमलं तर ती बाइक पुढच्या जूनपर्यंत ठेवा, पाऊस काढा, आणि चवथ झाल्यावर शॉक काढून मागचं चाक उचलून सोडा. ते पडतं की नाही तेवढं छापा.

तुमच्या लेखकाला यायचं असेल तर आमच्या फेरीवर कधीही या. रविवारी सकाळी साडेसहाला निघतो, आठच्या आत सड्यावरून खाली, नंतर ऊन लागतं. शॉक पंप आणि पट्टी माझ्याकडे आहे, पॅडल तेवढे स्वतःचे आणा आणि बॅगेसकट वजन करून या.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक वाचक